अंकल सॅमची टोपी आणि दिल्लीचा कुंचला

गेल्या काही भागांत आपण युद्धं, करार आणि सीमा यांबद्दल बोललो. आज जरा वेगळा विषय घेतोय, व्यंगचित्रांचा. अमेरिकेच्या साम्राज्यवादावर व्यंगचित्रकारांनी कशी टीका केली, आपल्या दिल्लीत त्याचे पडसाद कसे उमटले, आणि आज आपल्या मुलांना अशी चित्रं वाचता येतात का, हे पाहू.

फौजी माणूस व्यंगचित्रांवर काय बोलणार, असं काहींना वाटेल. डेव्हिड लो नावाच्या मोठ्या व्यंगचित्रकाराने तर ‘कर्नल ब्लिम्प’ नावाचं एक पात्र काढून आमच्यासारख्या निवृत्त कर्नलांचीच टर उडवली होती. ढेरी सुटलेली, मिशा पांढऱ्या, आणि जगातल्या प्रत्येक प्रश्नावर ठाम मत! आरशात पाहिलं की मला तो अधूनमधून दिसतो. पण माझा मुद्दा असा की सैन्य कुठे पाठवायचं हे सरकार ठरवतं, आणि ते पाठवणं योग्य होतं का, हा प्रश्न सर्वसामान्य माणसापर्यंत सगळ्यात लवकर कुणी पोचवला असेल तर तो व्यंगचित्रकाराने. अग्रलेख वाचायला दहा मिनिटं लागतात, चित्राला दहा सेकंद पुरतात. म्हणून फौजी माणसाने व्यंगचित्रं गंभीरपणे बघावीत, असं माझं मत आहे.

आधी खुणा ओळखू या

सैन्यात भरती झाल्यावर नकाशावाचन शिकवतात. देवळाची खूण कोणती, विहिरीची कोणती, पक्का रस्ता कसा दाखवतात, हे पाठ झाल्याशिवाय नकाशा म्हणजे नुसत्या रेघा. व्यंगचित्राचंही तसंच आहे. त्याच्याही ठरलेल्या खुणा असतात.

अमेरिकेची मुख्य खूण म्हणजे अंकल सॅम. उंच टोपी, तारे आणि पट्टे असलेले कपडे, बोकडासारखी दाढी. याच्या जन्माची जी गोष्ट सांगतात ती फौजेशीच जोडलेली आहे. १८१२ च्या युद्धात न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावचा सॅम्युएल विल्सन नावाचा एक व्यापारी सैन्याला मांस पुरवत असे. पिंपांवर ‘यू.एस.’ अशी अक्षरं असायची. शिपाई थट्टेने म्हणू लागले, हे ‘अंकल सॅम’चं मांस! १९६१ मध्ये अमेरिकी काँग्रेसने ठराव करून या विल्सनला मानही दिला. पुढे थॉमस नास्टसारख्या व्यंगचित्रकारांनी अंकल सॅमचं रूप पक्कं केलं. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, जेम्स माँटगोमेरी फ्लॅगच्या प्रसिद्ध पोस्टरवर हाच अंकल सॅम बोट रोखून तरुणांना सैन्यात बोलावताना दिसतो.

म्हणजे बघा, जे पात्र सरकारने भरतीसाठी वापरलं, तेच पात्र सरकारच्या विरोधातही वापरता आलं. देश तोच, टोपी तीच, फक्त हातात काय दिलंय ते बदलायचं. बायबल दिलं, काठी दिली, पैशांची थैली दिली किंवा गव्हाचं पोतं दिलं की अर्थ बदलतो. दुसरी खूण गरुडाची. तो अमेरिकेचा राष्ट्रीय पक्षी, आणि त्याचं गिधाड करायला दोनचार रेघा पुरतात. तिसरी खूण स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याची. या तीन खुणा लक्षात ठेवल्या की सव्वाशे वर्षांची चित्रं वाचता येतात.

पहिली टीका घरातूनच झाली

आपल्याकडे बऱ्याच जणांना वाटतं की अमेरिकेच्या साम्राज्यवादावरची टीका रशियाने किंवा डाव्यांनी सुरू केली. प्रत्यक्षात ती अमेरिकेतच सुरू झाली, आणि तेव्हा सोव्हिएत संघ अस्तित्वातही नव्हता.

१८९८ मध्ये अमेरिकेचं स्पेनशी युद्ध झालं. डिसेंबरमध्ये पॅरिसचा तह झाला आणि पोर्तो रिको, ग्वाम आणि फिलिपिन्स अमेरिकेकडे आले. फिलिपिन्ससाठी स्पेनला दोन कोटी डॉलर दिले गेले. हवाई बेटं त्याच वर्षी जोडून घेतली होती. फिलिपिनो लोक स्पेनविरुद्ध आधीपासूनच लढत होते, त्यांना वाटलं आता आपण स्वतंत्र झालो. तसं झालं नाही. फेब्रुवारी १८९९ मध्ये त्यांचं अमेरिकेशीच युद्ध पेटलं.

इंग्रजांच्या वसाहतीतून स्वतः लढून सुटलेला देश दुसऱ्याला वसाहत करतो, हा विरोधाभास व्यंगचित्रकारांना आयताच सापडला. बोस्टनमध्ये १८९८ मध्येच साम्राज्यवादविरोधी लीग उभी राहिली. पुढे प्रसिद्ध विनोदी लेखक मार्क ट्वेन तिचा उपाध्यक्ष होता.

त्या काळातलं एक चित्र जरूर शोधून बघा. ‘पक’ नावाच्या साप्ताहिकात जानेवारी १८९९ मध्ये लुई डॅलरिंपलने काढलेलं ‘शाळा सुरू’ हे चित्र. अंकल सॅम मास्तर झालाय. पुढच्या बाकावर फिलिपिन्स, हवाई, पोर्तो रिको आणि क्यूबा ही चार मुलं रडवेल्या, फुरंगटलेल्या चेहऱ्याने बसली आहेत. मागे शहाणी गोरी मुलं पुस्तक वाचतायत. आता कोपऱ्यांत बघा. एक कृष्णवर्णीय मुलगा वर्गात बसलेला नाही, तो खिडकी पुसतोय. अमेरिकेचा मूळ रहिवासी एकटाच दाराजवळ पुस्तक उलटं धरून बसलाय. आणि चिनी मुलगा दाराबाहेरच उभा आहे. फळ्यावर लिहिलंय त्याचा सारांश असा की, शासितांची संमती हे तत्त्व चांगलं आहे, पण ते सगळ्यांना लागू पडत नाही. इंग्लंडने वसाहतींची संमती कुठे घेतली होती?

हे चित्र साम्राज्याच्या बाजूचं की विरोधातलं, यावर वाद होऊ शकतो. तेव्हाच्या पुष्कळ वाचकांनी ते बाजूचंच म्हणून वाचलं असणार. आज आपण वाचतो तेव्हा तोच कागद कबुलीजबाब वाटतो. आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. साम्राज्याला विरोध करणाऱ्या त्या वेळच्या चित्रांतसुद्धा फिलिपिनो माणूस अनेकदा रानटी, अर्धनग्न, लहान मुलासारखाच काढलेला दिसतो. यांना जोडून घेऊ नका, म्हणजे आपण बिघडू, असाही एक विरोध होता. त्यामुळे विरोधातलं प्रत्येक चित्र उदार असतं असं समजू नये.

जनरलचा हुकूम आणि गिधाड

आता ज्या चित्राने मला फौजी म्हणून सगळ्यात जास्त हलवलं त्याबद्दल सांगतो.

सप्टेंबर १९०१ मध्ये फिलिपिन्सच्या समार बेटावर बालांगिगा गावी अमेरिकी तुकडीवर अचानक हल्ला झाला आणि बरेच शिपाई मारले गेले. त्यानंतर ब्रिगेडियर जनरल जेकब स्मिथने मरीन तुकडीच्या मेजर वॉलरला हुकूम दिला की बेट उजाड करून टाका. शस्त्र उचलू शकेल अशा कुणालाही जिवंत ठेवू नका. वॉलरने विचारलं, वयाची मर्यादा काय? जनरल म्हणाला, दहा वर्षं.

हे बाहेर आलं ते कोर्टमार्शलच्या साक्षीत. ५ मे १९०२ च्या ‘न्यूयॉर्क जर्नल’मध्ये त्यावर चित्र छापून आलं. अमेरिकी शिपायांची रांग, समोर डोळे बांधलेली लहान मुलं. वर अमेरिकेची ढाल, तिच्यावर झेंडा, आणि गरुडाच्या जागी गिधाड. खालच्या ओळीचा आशय असा होता की, यांचा गुन्हा एवढाच की आम्ही फिलिपिन्स घेतलं त्याच्या दहा वर्षं आधी हे जन्मले.

त्याच महिन्यात ‘लाइफ’ या साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर दुसरं चित्र आलं. अमेरिकी शिपाई एका बांधलेल्या फिलिपिनोच्या घशात पाणी ओततायत. माहिती काढण्यासाठी तेव्हा ही पद्धत सर्रास वापरली जायची. आणि मागे युरोपातले साम्राज्यवादी उभे राहून हसतायत, कारण आता या सोवळ्या अमेरिकनांना आपल्याकडे बोट दाखवायला तोंड उरलं नाही.

पुढे काय झालं? जनरल स्मिथ दोषी ठरला. शिक्षा? फक्त ताकीद. मग राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टने त्याला निवृत्त केलं. चित्रांमुळे युद्ध थांबलं असं मी म्हणणार नाही. पण हुकूम गुपचूप फायलीत गेला नाही. गणवेश घातलेल्या प्रत्येक माणसाने ही घटना वाचावी. बेकायदेशीर हुकूम मानायचा नसतो, हे आज आपल्या प्रशिक्षणात सांगतात. ते शहाणपण जगाला सहज आलेलं नाही. त्यामागे अशी प्रकरणं आहेत, आणि ती लोकांच्या डोळ्यांसमोर ठेवणारे काही चित्रकारही.

पाणी ओतण्याची ती पद्धत पुढे इराक युद्धाच्या काळात ‘वॉटरबोर्डिंग’ या नावाने पुन्हा चर्चेत आली. २००४ मध्ये अबू घ्रैब तुरुंगातली छायाचित्रं बाहेर आली, तेव्हा बगदादमध्ये सलाह एदीन सल्लत या चित्रकाराने भिंतीवर एक चित्र काढलं. एका बाजूला बुरखा घातलेला, तारा जोडलेला कैदी, आणि शेजारी तसाच बुरखा घातलेली स्वातंत्र्यदेवी. १९०२ मध्ये गरुडाचं गिधाड झालं होतं, १९०२ नंतर शंभर वर्षांनी देवीच्या डोक्यावर बुरखा आला. खुणा त्याच, त्या उलट्या करण्याची रीतही तीच.

एक मोठी काठी

१९०४ मध्ये विल्यम ॲलन रॉजर्सने काढलेलं चित्र तर पुढे पाठ्यपुस्तकांत गेलं. राक्षसाएवढा रूझवेल्ट खांद्यावर सोटा घेऊन कॅरिबियन समुद्रात गुडघाभर पाण्यातून चालतोय, आणि लहान मुलं गाडी ओढतात तशी युद्धनौकांची माळ दोरीने ओढत नेतोय. शेजारची बेटं मुकाट बघतायत. गोळी एकही सुटलेली नाही. नुसती फेरी मारायची आणि सगळ्यांना दिसेल असं चालायचं, यालाच इंग्रजीत ‘गनबोट डिप्लोमसी’ म्हणतात.

हे चित्र डोळ्यांसमोर ठेवा आणि डिसेंबर १९७१ आठवा. आपलं सैन्य ढाक्याच्या वेशीवर होतं. निक्सन आणि किसिंजर यांनी सातव्या आरमारातला ताफा बंगालच्या उपसागराकडे पाठवला. त्यात अणुशक्तीवर चालणारी ‘एंटरप्राइझ’ ही विमानवाहू नौका होती. आपली ‘विक्रांत’ तिच्यापुढे अगदीच लहान. १६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली. एंटरप्राइझने काही केलं नाही, तिला नुसतं दिसायचंच होतं. मी तेव्हा शाळेत होतो. साताऱ्याकडच्या आमच्या गावात रेडिओभोवती जमलेल्या माणसांच्या तोंडी ‘सातवं आरमार’ हे शब्द असे असायचे, जणू कोपऱ्यावरच्या दादागिरी करणाऱ्या पैलवानाचं नाव घेतायत. रॉजर्सचं चित्र त्यांतल्या कुणी पाहिलेलं नव्हतं, पण अर्थ सगळ्यांना कळला होता.

दिल्लीचे शंकर

आता दिल्लीकडे येऊ. राजकीय व्यंगचित्रांचं आपल्याकडचं मोठं विद्यापीठ म्हणजे ‘शंकर्स वीकली’. केशव शंकर पिल्लई मूळचे केरळातल्या कायमकुळमचे. १९३२ मध्ये ते ‘हिंदुस्तान टाइम्स’मध्ये आले आणि मे १९४८ मध्ये त्यांनी स्वतःचं साप्ताहिक काढलं. उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते. ‘मलाही सोडू नका’ असं नेहरूंनी त्यांना सांगितल्याचं सर्वश्रुत आहे, आणि शंकर यांनी खरोखरच सोडलं नाही. बहादूरशाह जफर मार्गावर त्यांनी उभं केलेलं चिल्ड्रन्स बुक ट्रस्ट आणि बाहुल्यांचं संग्रहालय दिल्लीकरांना माहीत आहे. पण त्यांचं साप्ताहिक आज कुणी पाहिलेलं नसतं. दर्यागंजचा रविवारचा जुन्या पुस्तकांचा बाजार आता महिला हाटमध्ये भरतो, तिथे नशीब असेल तर एखादा सुटा अंक हाताला लागतो.

या साप्ताहिकात ओ. व्ही. विजयन, कुट्टी यांच्यासारखे चित्रकार तयार झाले किंवा चमकले. विजयन पुढे दिल्लीच्या ‘पेट्रियट’मध्ये गेले. अबू अब्राहम लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’ आणि ‘गार्डियन’मध्ये नाव कमावून १९६९ मध्ये दिल्लीला ‘इंडियन एक्सप्रेस’मध्ये आले. तिकडे मुंबईत ‘टाइम्स’मध्ये आर. के. लक्ष्मण होते, आणि ऑगस्ट १९६० पासून मराठीत बाळासाहेब ठाकरे यांचं ‘मार्मिक’ होतं. ठाकरे स्वतः डेव्हिड लोचे चाहते. ही सगळी मंडळी वेगवेगळ्या विचारांची, पण मॉस्को आणि वॉशिंग्टन दोघांकडेही तिरक्या नजरेने बघायला शिकलेली.

त्यांना अमेरिकेबद्दलचा विषय शोधावा लागत नव्हता, तो दारात येत होता. मोठे प्रसंग तीन.

पहिला, शस्त्रांचा. मे १९५४ मध्ये अमेरिकेने पाकिस्तानशी संरक्षण करार केला. शस्त्रं साम्यवादाविरुद्ध आहेत, असं दिल्लीला सांगण्यात आलं. १९६५ मध्ये ते पॅटन रणगाडे खेमकरणला आपल्याच समोर आले. आसल उत्तरच्या लढाईत हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या तोफेने ते फोडले आणि परमवीरचक्राचे मानकरी ठरले. ताब्यात घेतलेले आणि मोडलेले पॅटन एका ठिकाणी उभे केले, त्या जागेला लोक ‘पॅटननगर’ म्हणू लागले.

दुसरा, गव्हाचा. पी. एल. ४८० या कायद्याखाली अमेरिकी गहू रुपयांत मिळत असे. १९६५ आणि १९६६ अशी लागोपाठ दोन वर्षं दुष्काळ पडला. अध्यक्ष जॉन्सन यांनी गहू एकदम न देता तुकड्यातुकड्याने सोडायचं धोरण धरलं. पुढचं जहाज निघणार की नाही, हे भारत कसा वागतो यावर. जून १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं. व्हिएतनामवरच्या बॉम्बफेकीबद्दल इंदिरा गांधी बोलल्या, तेव्हा वॉशिंग्टनला ते झोंबलं. ‘जहाजातून थेट तोंडात’ अशी आपली अवस्था होती. एका हातात बॉम्ब आणि दुसऱ्या हातात गव्हाचं पोतं, ही प्रतिमा अशा परिस्थितीतून तयार होते. मराठी माणसाला तर चित्राचीही गरज नव्हती. अमेरिकी लाल ज्वारीची, म्हणजे ‘मिलो’ची, भाकरी आमच्या पिढीने खाल्ली आहे. पुण्याभोवती माजलेलं गाजरगवत अमेरिकेच्या गव्हाबरोबर आलं, असं लोक आजही सांगतात.

मात्र इथे न्यायाने बोललं पाहिजे. त्या गव्हाने माणसं जगली. मदत आणि दबाव एकाच पोत्यात येऊ शकतात, हेच तर सांगायला कठीण असतं. भाषणात ते सांगताना शंभर ‘पण’ घालावे लागतात. चित्रकार दोन्ही हात एकाच माणसाला जोडतो आणि मोकळा होतो.

तिसरा प्रसंग व्हिएतनामचा. १९५४ च्या जिनिव्हा करारानंतर तिथल्या आंतरराष्ट्रीय नियंत्रण आयोगाचं अध्यक्षपद भारताकडे होतं, आणि आपल्या सैन्याचे अधिकारी तिथे काम करून आले होते. म्हणजे हा विषय आपल्याला फक्त वर्तमानपत्रातून कळत नव्हता. कोलकात्यात तर गंमतच झाली. ज्या हॅरिंग्टन स्ट्रीटवर अमेरिकेची वकिलात होती, त्या रस्त्याचं नाव बदलून हो चि मिन्ह सरणी केलं. म्हणजे व्हिएतनाममध्ये ज्याच्याशी लढायचं, त्याचंच नाव आपल्या पत्त्यात लिहायचं! नगरपालिकेने काढलेलं याहून झणझणीत व्यंगचित्र मला माहीत नाही.

आणि याही वेळी सगळ्यात गाजलेलं चित्र अमेरिकनानेच काढलं. जॉन्सन यांची पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा ऑक्टोबर १९६५ मध्ये त्यांनी पत्रकारांसमोर सदरा वर करून व्रण दाखवला. डेव्हिड लेव्हिनने १९६६ मध्ये तोच प्रसंग काढला, फक्त व्रणाला व्हिएतनामच्या नकाशाचा आकार दिला. एका ओळीचीही गरज पडली नाही.

टीका आणि प्रचार यांतला फरक

इथे एक शंका येईल. अमेरिकेवर सर्वांत जास्त चित्रं तर सोव्हिएत संघाच्या ‘क्रोकोडील’ या नियतकालिकात येत. मग त्यांना श्रेय का नाही?

त्यातली काही चित्रं रेखाटन म्हणून उत्तम आहेत. पण १९५६ मध्ये रशियन रणगाडे हंगेरीत घुसले, १९६८ मध्ये चेकोस्लोव्हाकियात घुसले, तेव्हा ‘क्रोकोडील’ने आपल्या नेत्यांना असा प्रश्न विचारला नाही, विचारू शकत नव्हतं. दुसऱ्याच्या साम्राज्यावर हसायची परवानगी होती, स्वतःच्या नव्हती. म्हणून माझी कसोटी साधी आहे. जो चित्रकार आपल्याही सत्तेला टोचतो, त्याची दुसऱ्यावरची टीका वजनदार. ‘न्यूयॉर्क जर्नल’चं गिधाड आणि लेव्हिनचा व्रण आजही टोचतात, ते याच कारणाने.

ही कसोटी आपल्यालाही लावू या. जून १९७५ मध्ये आणीबाणी आली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शंकर यांनी आपलं साप्ताहिक बंद केलं. हुकूमशाहीत हसायला जागा नसते, अशा आशयाचं त्यांनी निरोपाच्या लेखात लिहिलं. डिसेंबरमध्ये अबूंनी मात्र राष्ट्रपती बाथटबमध्ये बसून अध्यादेशावर सही करताना दाखवले, आणि ते छापून आलं. निक्सनवर हसणं दिल्लीत नेहमीच सोपं होतं. हिंमत लागली ती या चित्राला.

शाळेच्या पुस्तकातला अंकल सॅम

आता आजच्या काळात येऊ. २००७ मध्ये दिल्लीच्या एनसीईआरटीने बारावीसाठी ‘समकालीन विश्व राजनीति’ हे पुस्तक काढलं. त्यातला तिसरा धडा अमेरिकी वर्चस्वावर होता. सुरुवात होती तीन मुलांच्या गोष्टीने. बगदादची आयेशा, क्षेपणास्त्राच्या हल्ल्यात तिचा पाय गेलेला. डर्बनचा जाबू, त्याला चित्रकार व्हायचंय पण वडिलांना त्याने एमबीए करावं असं वाटतं. आणि पर्थचा आंद्रेई, निळी जीन्स घालून चर्चला निघाला म्हणून आई रागावलेली. लष्करी ताकद, अर्थव्यवस्थेची घडण आणि संस्कृती, अशा तिन्ही मार्गांनी वर्चस्व कसं येतं, ते तीन मुलांतून समजावलं होतं. सोबत परदेशी चित्रकारांची व्यंगचित्रं होती. भारतापुढचे पर्यायही मांडले होते: अमेरिकेबरोबर जाऊन फायदा घ्यायचा, तिच्यापासून अंतर राखायचं, की आणखी काही? उत्तर मुलांनी शोधायचं होतं.

हा प्रश्न पुस्तकी नव्हता. २००३ मध्ये अमेरिकेने इराकसाठी भारताकडे साधारण एका डिव्हिजनएवढं सैन्य मागितलं होतं. एप्रिलमध्ये संसदेने युद्धाची ‘निंदा’ करणारा ठराव केला होता. जुलैमध्ये वाजपेयी सरकारने सैन्य पाठवायला नकार दिला. मी तेव्हा सेवेत होतो. निर्णय उलटा झाला असता तर इराकच्या रस्त्यांवर आमच्याच जवानांना उभं राहावं लागलं असतं, आणि तिथल्या भिंतीवरच्या चित्रात कदाचित आमचाही गणवेश असता. त्यामुळे बारावीच्या मुलांनी यावर वाद घालावा, हे मला फार मोलाचं वाटत होतं.

या राज्यशास्त्राच्या पुस्तकांचे मुख्य सल्लागार होते योगेंद्र यादव आणि पुण्याचे सुहास पळशीकर. २०१२ मध्ये अकरावीच्या पुस्तकातल्या एका चित्रावरून संसदेत गदारोळ झाला. चित्र शंकर यांचंच, १९४९ मधलं. राज्यघटनेचं काम गोगलगाईच्या गतीने चाललंय, गोगलगाईवर डॉ. आंबेडकर बसलेत आणि मागे नेहरूंच्या हातात चाबूक आहे. दोन्ही सल्लागारांनी राजीनामे दिले. पळशीकरांच्या पुण्यातल्या कार्यालयाची मोडतोड झाली. सुखदेव थोरात यांची समिती नेमली गेली आणि तिने बरीच चित्रं काढायला सांगितली.

यात दोन्ही बाजू ऐकल्या पाहिजेत. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या चाबूक सोसला, त्याला बाबासाहेबांच्या मागे चाबूक दिसला की यातना होणारच. ती यातना खोटी नव्हती. ‘शाळा सुरू’ या चित्रातल्या खिडकी पुसणाऱ्या मुलाच्या नातवाला जे वाटेल, तेच हे. पण याचं उत्तर वर्गात चर्चा हे होतं. चित्र १९४९ मध्ये कोणत्या अर्थाने काढलं, आज कोणत्या अर्थाने दिसतं, यावर मुलांनी बोलायला हवं होतं. मोडतोड हे उत्तर कधीच नव्हतं.

आणि २०२२ च्या फेररचनेत अमेरिकी वर्चस्वाचा तो अख्खा धडाच गेला, शीतयुद्धाच्या धड्यासकट. कारण दिलं ते कोविडनंतर मुलांवरचा भार कमी करण्याचं. भार कमी व्हावा हे मलाही मान्य आहे. पण आज आपलं नौदल अमेरिकेबरोबर ‘मलबार’ सराव करतं, आपण त्यांच्याकडून विमानं घेतो, आपली निम्मी मुलं तिकडे नोकरीला जायची स्वप्नं बघतात. ज्या देशाशी इतका जवळचा संबंध येणार, तो देश नीट समजून घेण्याची गरज वाढते की कमी होते? मित्राचा स्वभाव माहीत असलेला बरा. शत्रूचा तर आम्ही फौजी तसाही अभ्यास करतो.

मग घरी काय करायचं?

धडा गेला म्हणून चित्रं गेलेली नाहीत. आज उल्लेख केलेली जुनी अमेरिकी चित्रं इंटरनेटवर सहज मिळतात. मुलांना, नातवंडांना घेऊन बसा आणि चार प्रश्न विचारा.

पहिला, चित्रात सगळ्यात मोठा कोण काढलाय आणि लहान कोण? दुसरा, ओळखीची कोणती खूण उलटी केलीय? तिसरा, कोपऱ्यात कोण आहे, आणि त्याला बोलायची संधी दिलीय का? चौथा, हा चित्रकार स्वतःच्या सरकारवरही असंच काढू शकतो का?

हे चार प्रश्न ट्रम्पवरच्या चित्राला लावा, पुतिनवरच्या लावा, आणि आपल्या नेत्यांवरच्या चित्रालाही लावा. तिसऱ्या ठिकाणी घरात वाद होईल. होऊ द्या, आवाज थोडा चढला तरी चालेल. तो वाद ज्या घरात होतो, त्या घरातलं मूल उद्या गणवेश घालो किंवा मतदान करो, कुणाच्या बोटाच्या इशाऱ्यावर उठून चालायला लागणार नाही.

पुढच्या भागात आपण १९५४ च्या त्या नियंत्रण आयोगाबद्दल सविस्तर बोलू. भारतीय अधिकारी व्हिएतनाम, लाओस आणि कंबोडियात नेमकं काय करत होते, ते बघू. तोवर काळजी घ्या. जय हिंद, जय महाराष्ट्र.